वही नसलेला संग्रह



जुने कॅमेरे, जुन्या लेन्स आणि त्यांच्याबरोबरचा सगळा सरंजाम गोळा करण्याचा जो छंद आहे, त्याच्याबद्दल आज बोलायचं आहे. बपेऱ्यात हा विषय कशाला, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. हा छंद मुंबई-पुण्याचा, पैसेवाल्यांचा. आपला मुलूख धानाचा, पलीकडे मध्य प्रदेशची हद्द, फोटो काढायचा तर तुमसर, गोंदिया नाही तर बालाघाट गाठायचं. पण नेमकं म्हणूनच इथे बोलायचं. हा छंद वस्तू कुठून उचलतो, तर अशाच गावांतून, तालुक्याच्या बाजारपेठेतल्या बंद पडलेल्या स्टुडिओंतून, एखाद्याच्या आजोबांच्या पेटीतून. वस्तू तुमच्याकडून जाते. तिचं मोल मात्र दुसरीकडे ठरतं. ते कसं ठरतं, आणि ते बरोबर ठरतं का, एवढाच आज प्रश्न आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ऐकताना तपासता येईल. हा छंद वाईट नाही. संग्राहक नसते तर पुष्कळ काही भंगारात गेलं असतं. पण त्याने ‘दुर्मीळ’ हा शब्द फार स्वस्त करून टाकलाय. आणि ज्या गोष्टीमुळे जुन्या लेन्सला खरं मोल येतं, ती गोष्ट उचलायची मात्र तो विसरतो. ती गोष्ट म्हणजे नोंद. साध्या भाषेत, वही.

आधी ‘दुर्मीळ’ या शब्दाकडे बघू.

आज जुन्या लेन्सच्या बाजारात हेलिओस ४४-२ नावाची एक लेन्स फार चालते. सोव्हिएत रशियाची. ५८ मिलिमीटर, एफ/२. झेनिट कॅमेऱ्याबरोबर यायची. तिची रचना झाइस येनाच्या बायोटार या जर्मन लेन्सवरून घेतलेली. पूर्ण उघडी ठेवून फोटो काढला, मागे झाडाची पानं असली, की ती पानं माणसाभोवती गोल फिरल्यासारखी दिसतात. भोवरा पडावा तशी. तरुण फोटोग्राफरांना ते आवडतं. ठीक आहे, आवडू दे. पण विकणारा लिहितो काय? ‘अत्यंत दुर्मीळ रशियन लेन्स’. अहो, ही लेन्स लाखोंच्या संख्येने बनली. जगात सगळ्यात जास्त बनलेल्या लेन्समध्ये तिची गणना होते. दुर्मीळ कुठून झाली?

झालं असं, की मधल्या काळात कॅमेरा बदलला. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा हलत असे, त्याला जागा लागे. हेलिओस ज्या ४२ मिलिमीटरच्या आट्यांवर बसते, त्या पद्धतीत लेन्सची बैठक आणि फिल्म यांच्यात ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. नवे बिनआरशाचे कॅमेरे आले, त्यात हे अंतर खूप कमी झालं. सोनीच्या पद्धतीत ते १८ मिलिमीटर आहे. आता ४५.४६ मधून १८ वजा करा. उरले साडेसत्तावीसच्या आसपास. तेवढ्या लांबीची एक पोकळ धातूची नळी मध्ये घातली, की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर नीट बसते. नळीत काच नाही, काही नाही. म्हणजे ज्या लेन्स वीस वर्षं कपाटात पडून होत्या, त्या एकदम कामाच्या झाल्या. मागणी वाढली, भाव वाढला. भाव वाढला म्हणून तिला दुर्मीळ म्हणू लागले. क्रम उलटा आहे, लक्षात घ्या. दुर्मीळ म्हणून महाग नव्हे, महाग झाली म्हणून दुर्मीळ.

मग खरोखर दुर्मीळ काय असतं? त्यासाठी बाजाराचंच एक उदाहरण घेऊ, म्हणजे माझ्यावर भावुकपणाचा आरोप यायला नको.

जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. त्याने ३५ मिलिमीटरच्या सिनेमाच्या फिल्मवर चालणारा लहान कॅमेरा तयार केला, तोच पुढे लायका. १९२५ साली तो बाजारात आला. त्याच्या आधी, १९२३-२४ च्या सुमारास, चाचणीसाठी वीस-पंचवीसच कॅमेरे बनवले होते. त्यांना शून्य मालिका म्हणतात. त्यातला १२२ क्रमांकाचा कॅमेरा २०१८ साली व्हिएन्नात २४ लाख युरोला विकला गेला. पुढे २०२२ मध्ये त्याच मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा लिलावात आला. त्याला मिळाले १ कोटी ४४ लाख युरो. सहापट!

मालिका एक. दोन्हीत तीच लेन्स, तेच धातूकाम. मग हा सहापटीचा फरक कशाचा? तर १०५ क्रमांकाचा कॅमेरा खुद्द बार्नाकच्या वापरातला होता. त्याच्यावर त्याचं नाव कोरलेलं आहे. तो कोणाच्या हातात होता, हे ठाऊक आहे. मधल्या चार वर्षांत बाजार तेजीत आला असेल, तेही धरा. तरी पैशाचा मोठा भाग वस्तूला मिळाला नाही, वस्तूबद्दलच्या माहितीला मिळाला. जगातला सगळ्यात महाग विकला गेलेला कॅमेरा आपल्याला हेच सांगतो, की दुर्मीळपणा काचेत आणि पितळेत थोडा असतो, नोंदीत जास्त असतो.

ह्याला उलटा पुरावाही आहे. सोव्हिएत रशियात फेड आणि झोर्की नावाचे कॅमेरे बनले, ते लायकाच्या नमुन्यावरूनच. त्यातले कितीतरी नंतर कोणीतरी घासून, सोनेरी मुलामा देऊन, वर लायकाचं नाव आणि जर्मन सैन्याची चिन्हं कोरून विकले. आजही विकतात. आता विचार करा, बनावट कशाची झाली? कॅमेरा तर खराच आहे, चालतोसुद्धा. बनावट झाली ती इतिहासाची. ज्या मालाची नक्कल होते, त्याच मालाला बाजारात किंमत असते. इतिहासाची नक्कल होते, म्हणजे किंमत इतिहासाला आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ.

मुंबईचे छायापत्रकार दिलीश पारेख यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. १९७७ पासून जमवलेले ४,४२५ जुने कॅमेरे. २००३ साली गिनीज बुकात त्याची नोंद झाली. एका माणसाने एवढं करणं ही साधी गोष्ट नाही. ज्या काळात लोक असले कॅमेरे रद्दीवाल्याला देत होते, त्या काळात त्यांनी ते घेतले. त्याबद्दल आदरच आहे. माझी हरकत संग्रहावर नाही, त्याच्याविषयी आपण जे बोलतो त्यावर आहे. वर्तमानपत्रातून आपण काय वाचलं? आकडा. ४,४२५. वाचनालयात किती पुस्तकं आहेत एवढंच सांगितलं आणि कोणती आहेत ते सांगितलंच नाही, तर आपण त्याला वाचनालयाची माहिती म्हणू का? गिनीज बुक आकडा मोजतं, कारण आकडाच मोजता येतो. पण आपण मराठी वाचकांनी, लेखकांनी, त्या आकड्यापाशीच थांबायला नको होतं. हे अपयश संग्राहकाचं नाही, समीक्षेचं आहे. नाटक आलं की आपल्याकडे परीक्षण येतं, पुस्तक आलं की येतं. संग्रहाचं परीक्षण कोणी करत नाही. संग्रहाचं फक्त कौतुक होतं.

आपल्याकडे परीक्षण करण्याजोगी परंपरा नाही असंही नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. हरिश्चंद्र भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईत कुस्तीचं चित्रीकरण केलं. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

या यादीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कोल्हापूरचं प्रकरण. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे भाऊ, चुलत-मावसपणाच्या नात्यातले, पडदे रंगवणारे. विलायती कॅमेरा परवडत नाही, तर आपणच बनवू, असं त्यांनी ठरवलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले त्यांच्या मदतीला होते. १९१८ च्या सुमाराला कॅमेरा तयार झाला, आणि त्या खटपटीतून महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. कोल्हापुरात खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे.

संग्राहकाच्या बाजाराला हा कॅमेरा कोणत्या खान्यात टाकावा ते कळणार नाही. त्याला कंपनी नाही, मॉडेल नाही, अनुक्रमांक नाही. किंमतपत्रिकेत त्याची ओळ नाही. आणि तरी आपल्या दृष्टीने त्याच्याइतकं दुर्मीळ काय आहे? एकच बनला. तो कोणी बनवला, का बनवला, त्यातून काय निघालं, हे सगळं आपल्याला माहीत आहे. कोल्हापूरने चांगलं केलं, की त्या आठवणीचा खांब चौकात उभा केला. तिथे कॅमेरा महाग होता म्हणून खांब उभा राहिला नाही. त्याने काय काम केलं ते लोकांना माहीत होतं म्हणून राहिला.

आता बपेऱ्याकडे, म्हणजे आपल्या आजूबाजूच्या गावांकडे वळतो.

आपल्या भागात कोणता सरंजाम होता? घरगुती म्हणाल तर आग्फा क्लिक थ्री. भारतात बनलेला, काळा, हलका, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा. नोकरीवाल्या मामाकडे, गुरुजींकडे असायचा. स्टुडिओवाल्याकडे याशिका, दोन डोळ्यांचा, वरून खाली मान घालून बघायचा. कोणाकडे लाकडी घडीचा मोठा कॅमेरा, काळ्या कापडाखाली डोकं घालून वापरायचा. केरळातल्या आलप्पुळाला बनणारा वागीश्वरी कॅमेरा असाच, तो देशभरच्या स्टुडिओंत पोचला होता. नंतर पेंटॅक्स के १००० आला, फ्लॅशगन आली. फिल्म कधी विलायती, कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू.

बाजाराच्या भाषेत यातलं जवळपास काहीच दुर्मीळ नाही. क्लिक थ्रीला मोठा संग्राहक हातसुद्धा लावणार नाही. पण जरा तुमच्या घरचे जुने फोटो आठवा. लोक दहा-बारा फुटांवर उभे असतात. पायापासून डोक्यापर्यंत. उन्हाकडे तोंड, डोळे बारीक केलेले. आपण म्हणतो, जुने लोक फोटोला बुजायचे, म्हणून तसे उभे राहायचे. थोडं खरं असेल. पण क्लिक थ्रीची लेन्स साधी, एकाच अंतरावर बसवलेली. जवळ गेलात तर चेहरा फुसका येणार. शटर हळू, म्हणून भरपूर ऊन पाहिजे, म्हणून सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे आणि समोरच्याच्या डोळ्यांत. म्हणजे आजीच्या कपाळावरची ती आठी स्वभावाची नाही, लेन्सची आहे!

तसंच याशिकाचं. तो छातीशी धरून वरून बघायचा कॅमेरा. म्हणून लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी किंचित खालून बघितल्यासारखे, उंच, भारदस्त दिसतात. रोल बारा फोटोंचा. रोलला पैसे पडतात. म्हणून लग्नातले क्षण ठरलेले: हळद, अंतरपाट, हार, आहेर, पाठवणी. बारा फोटोंत लग्न बसवायचं म्हटल्यावर कोणते बारा, हे फोटोग्राफर ठरवत होता. आपल्या घराण्यांची आठवण त्या बारा खिडक्यांतून आलेली आहे. हे जर समजून घ्यायचं असेल, तर नुसती लेन्स पुरत नाही. ती लेन्स कोणाची, तो कुठे उभा राहायचा, त्याच्याकडे उजेड मोजायचं यंत्र होतं की अंदाजाने काम चालायचं, हे सगळं लागतं.

आणि इथे मला सरंजामाबद्दल, म्हणजे बाजार ज्याला ॲक्सेसरीज म्हणतो त्याबद्दल बोलायचं आहे. संग्राहक मुख्य वस्तू घेतो आणि किरकोळ वस्तू टाकून देतो. माझ्या मते किरकोळ वस्तूच जास्त बोलक्या असतात. एक उदाहरण. १९५८ साली याशिका ६३५ आला. सहा बाय सहाचा चौकोनी फोटो आणि ३५ मिलिमीटरची फिल्म, दोन्ही चालायचं, म्हणून नाव ६३५. त्यासाठी एक लहानसा संच बरोबर यायचा: चौकट, मागची पट्टी, रिळाचे जोड. कॅमेरे पुष्कळ सापडतात, तो संच क्वचित सापडतो. आता तो संच एखाद्या स्टुडिओत झिजलेला मिळाला, तर समजतं की हा माणूस लहान फिल्म वापरून पैसे वाचवत होता. कोरा मिळाला, तर त्याने कधी वापरलाच नाही. केवढी माहिती! पिवळा फिल्टर घासलेला असेल, तर तो आभाळातले ढग दाखवायच्या मागे होता. निगेटिव्हवर टचिंग करायची टोकदार पेन्सिल मिळाली, तर चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पुसायचं काम इथे चालत होतं. त्या पेन्सिलीला बाजारात किंमत शून्य.

मग पुढचा भाग, जो मला जास्त सलतो.

स्टुडिओ बंद होतो. मुलगा मोबाइलचं दुकान टाकतो. काही वाईट नाही, पोट भरायचं आहे. मग एक दिवस कोणीतरी येतो, कॅमेरा बघतो, लेन्स बघतो, बॅटरी मारून काच तपासतो, हजार-दोन हजार देतो, घेऊन जातो. मागे काय राहतं? निगेटिव्हचे डबे आणि नोंदवही. वही रद्दीत जाते. आणि निगेटिव्ह? काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो. जुने एक्स-रे विकत घेणारे लोक गावोगाव फिरतात, ते याच चांदीसाठी. निगेटिव्हही त्याच वाटेने जातात. आपल्या सिनेमाचं हेच झालं. पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा. आज त्याची एकही प्रत नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं आणि पी. के. नायर यांनी जन्मभर डबे शोधत फिरून जे वाचवता आलं ते वाचवलं. पण गावच्या स्टुडिओसाठी कोणी नायर आलेला नाही.

भंडारा जिल्ह्यात पितळेबद्दल मी सांगायला नको. नवं भांडं, वापरातलं भांडं आणि मोड, तिन्हीचे भाव वेगळे. मोडीत घातलं की घडणावळ गेली, राहतं फक्त वजन. १८४० मध्ये पेट्झवालने गणित मांडलेली आणि फोइग्टलेंडरने बनवलेली पहिली खास माणसांच्या फोटोंसाठीची लेन्स पितळेच्या नळीतच होती. त्यानंतर कित्येक वर्षं लेन्स म्हणजे पितळ आणि काच. आज ज्या लेन्समागची माहिती आपण फेकून देतो, तिची आपण घडणावळ फेकतो. विकत घेणारा तिला चकाकी देऊन काचेच्या कपाटात ठेवतो खरा, पण ती मोडच असते. महाग मोड.

संग्राहक यावर काय म्हणतील? त्यांची बाजूही मांडली पाहिजे.

एक म्हणतील, आम्ही न्यायाधीश नाही, आम्ही छंद करतो. आमच्या पैशाने करतो. मान्य. पण मग स्वतःला वारसा जपणारे म्हणवून घेऊ नका. छंद म्हणा. वारसा म्हटलं की जबाबदारी आली.

दुसरे म्हणतील, वही आणि निगेटिव्ह ठेवायला जागा कुठे, वेळ कुठे? हे खरं आहे, एकट्या माणसाला अवघड आहे. २०१९ मध्ये गुरुग्राममध्ये आदित्य आर्य यांचं म्युझिओ कॅमेरा महानगरपालिकेच्या साथीने उभं राहिलं. वैयक्तिक संग्रहाला सार्वजनिक छप्पर मिळालं, की लोक येतात, शिकतात, विचारतात. प्रत्येक तालुक्याला म्युझियम होणार नाही. पण वाचनालयात एक कपाट होऊ शकतं. त्याला कोटी लागत नाहीत.

तिसरे, जे मला सगळ्यात जवळचे वाटतात, ते म्हणतील, आम्ही कपाटात ठेवत नाही, आम्ही या लेन्सने फोटो काढतो. शाबास. लेन्स वापरल्याने टिकते. अंधारात, दमट जागी, चामड्याच्या केसमध्ये कोंडलेल्या लेन्सला बुरशी लागते. चामडं ओल धरतं, आणि बुरशीची जाळी काचेवरचा मुलामा खाते. आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारूच नका. ‘मिंट’, म्हणजे कोरी करकरीत, अशी लेन्स मिळवायची आणि तिला हात लावायचा नाही, यासारखा तिचा नाश करायचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही. पण वापरणाऱ्यांनाही एक सांगतो. हेलिओसचा भोवरा दाखवणारे हजार फोटो मी बघतो, आणि त्या हजारांत माणूस कोण हे एकातही कळत नाही. मागची पानं फिरतायत, समोरचा चेहरा कोणाचाही चालला असता. तुमसरच्या स्टुडिओवाल्याला भोवरा माहीत नव्हता, पण समोर कोण बसलंय ते माहीत होतं. नाव वहीत लिहिलेलं होतं.

तर चांगला संग्रह कोणता? माझ्या चार कसोट्या आहेत. वस्तू कोणाकडून आली ते लिहिलंय का? तिने काढलेला निदान एक फोटो तिच्याजवळ आहे का? तिच्याबरोबरचा किरकोळ सरंजाम शाबूत आहे का? आणि ज्या गावातून ती आली, त्या गावाला ती बघायची झाली तर बघता येईल का? या चार कसोट्यांवर दहा वस्तूंचा संग्रह चार हजारांच्या संग्रहापुढे ताठ उभा राहील. राहिलाच पाहिजे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, आमच्या घरी बाबांचा याशिका आहे. लेन्समध्ये पांढरी जाळी दिसते. विकावा का?

विकायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं, भाऊ, मी नाही. पण आज घरी गेल्यावर तो चामड्याच्या केसमधून बाहेर काढा. जाळी म्हणजे बुरशी. कोवळ्या उन्हात, कोरड्या हवेत थोडा वेळ ठेवा, झाकण काढून. मात्र लेन्समधून थेट सूर्याकडे बघू नका, आणि दुपारच्या तळपत्या उन्हात विसरू नका. मग हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आणि एक, आपण धानाच्या मुलखातले, म्हणून मुद्दाम सांगतो: तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदळाची बारीक पूड आत शिरते. खोलायचा झाला तर जाणकाराकडून, घरी स्क्रू फिरवत बसू नका. आणि त्याआधी एक काम करा. बाबांनी तो कधी घेतला, कुठून घेतला, आईला आठवत असेल तर विचारून लिहून ठेवा.

प्रश्न: काही जुन्या लेन्स किरणोत्सर्गी असतात म्हणतात. खरं का?

खरं आहे. काही लेन्सच्या काचेत थोरियम मिसळत, त्याने काचेची प्रकाश वळवायची ताकद वाढते. पेंटॅक्सच्या टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ च्या काही आवृत्त्या तशा आहेत. वर्षांनुवर्षांनी काच चहासारखी पिवळी पडते. काही दिवस उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. फोटो काढायला वापरण्यात घाबरण्यासारखं नाही, पण ती काच फोडायची, घासायची नाही, आणि उशाशी घेऊन झोपायची गरज नाही.

प्रश्न: निगेटिव्ह आहेत दोन पेट्या, पण वही नाही. मग त्याला काही अर्थ नाही का?

अर्थ आहे, आणि वेळ कमी आहे. वही गेली असली तरी वही ज्यांच्या डोक्यात आहे ती माणसं अजून गावात आहेत. निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरा, मागे पांढरा कागद, मोबाइलने फोटो घ्या आणि त्यातच उलटा करा, चेहरा दिसेल. तो सत्तरीतल्या माणसाला दाखवा. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे आपल्या सोयरिकी आहेत, बालाघाटकडचे पाहुणे आले की त्यांनाही दाखवा. ते सांगतील, ही अमक्याची आत्या, हे तमक्याचं लग्न, त्या साली धान बुडालं होतं. ते शंभर पानी वहीत लिहा. निगेटिव्हच्या पाकिटावर क्रमांक, वहीत तोच क्रमांक. सुरुवातीला इतकंच पुरे. कॅमेरा विकला गेला असेल तर गेला. ज्याने नेला त्याचा पत्ता असेल, तर त्याला या वहीची एक झेरॉक्स पाठवा. त्याच्या कपाटातली वस्तू त्या दिवसापासून दुर्मीळ होईल.